शेजारच्या जागेवरचा माणूस

"भावजी, मल्लूच्या लॉरीखाली माणूस आला म्हणत्यात!"

एवढं बोलून जगदेवी दारातच खाली बसली. पाय अनवाणी होते, पदर धुळीनं माखलेला होता, आणि धावत आल्यामुळं तिला धड श्वासही घेता येत नव्हता.

सिद्रामप्पानं हातातली भाकरी ताटात ठेवली. तुळजापुरात तो विम्याचा एकुलता एक एजंट. त्याच्या दाराशी धावत येणाऱ्या माणसाकडं एक तर मरणाची बातमी असे, नाही तर हप्ता चुकल्याची सबब. पण जगदेवी त्याच्या मित्राची, महालिंगप्पाची बायको होती, आणि महालिंगप्पा जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

"जिवंत आहे का माणूस?"

"हाय. पाय मोडलाय. बैल जागीच मेला. सकाळी, तामलवाडीच्या अलीकडं. मल्लूला अमीनसायबानं ठाण्यात बसवलंय. उद्या धा वाजता धाराशिवच्या अदालतीत नेणार म्हणत्यात. भावजी, त्याला आत टाकत्यात का हो?"

याचं उत्तर देण्याऐवजी सिद्रामप्पाच्या तोंडून भलतंच निघालं.

"बंडप्पा शेजारी होता ना?"

जगदेवी त्याच्याकडं बघतच राहिली. सिद्रामप्पाला स्वतःची लाज वाटली. पण खरं सांगायचं तर सगळं त्याच एका प्रश्नावर अडलेलं होतं.

झालं होतं असं. लढाई संपून दीड वर्ष उलटलं होतं आणि गेल्या सालापासून पलीकडच्या इंग्रजी मुलखात नवा कायदा आला होता. विमा नसेल तर मोटार रस्त्यावर आणायची नाही. निजामाच्या हद्दीतली लॉरी असली तरी सोलापूरच्या बाजारात माल न्यायचा तर विमा हवाच. महालिंगप्पाच्या मागं ती एक लॉरी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा मल्लिनाथ ऊर्फ मल्लू, एवढंच उरलं होतं. मल्लिनाथच्या लायसनची शाई अजून वाळायची होती. तीन कंपन्यांना विचारलं. एकीनं तोंडावर नाही म्हटलं, दुसरीनं तिप्पट हप्ता सांगितला, तिसरीनं उत्तरच दिलं नाही. एकोणीस वर्षांचा ड्रायव्हर म्हटलं की या लोकांना लॉरी दिसतच नसे, नुसती आदळआपट दिसे.

सिद्रामप्पानं अकरा पत्रं लिहिली. बाराव्या वेळी तो स्वतः सोलापूरला जाऊन कंपनीच्या साहेबासमोर हात जोडून उभा राहिला. तेव्हा कुठं जगदेवीला परवडेल असा हप्ता पदरात पडला, तोही एका अटीवर. वर्षभर मल्लिनाथच्या शेजारी दहा वर्षं अनुभवाचा जुना ड्रायव्हर बसलाच पाहिजे. त्याचंही नाव पॉलिसीत. पोरगा एकटा सापडला तर पॉलिसी रद्दी.

फॉर्ममध्ये पोराबद्दल सतरा प्रश्न होते. उंची किती, व्यसन आहे का, फिट येते का, नजर कशी आहे. सिद्रामप्पानं त्याला डॉक्टरापुढं उभं करून भिंतीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचायला लावली होती. जुन्या ड्रायव्हरबद्दल प्रश्न एकच होता. किती वर्षं चालवतो? तिथं त्यानं झोकात लिहिलं होतं, तीस.

तो जुना ड्रायव्हर म्हणजे बंडप्पा, सगळ्यांचा 'आप्पा'. महालिंगप्पाला चाक धरायला शिकवलं ते त्यानंच.

"चला वहिनी," सिद्रामप्पा उठला. "उद्या दहापर्यंत वेळ आहे."

*

ठाण्याचे फौजदार अमीनसाहेब कागद चाळत होते. "आओ विमेवाले. लौंडा सब कबूल कर लिया. अब तुम क्या करते?"

"दोन गोष्टी विचारतो, साहेब."

मल्लिनाथ कोपऱ्यात उकिडवा बसला होता. आधीच बुटका, त्यात अंग चोरून बसलेला. तो चौदा वर्षांचा वाटत होता.

"चाकावर कोण होतं?"

"मी."

"आप्पा?"

"शेजारी."

"बैलगाडी किती लांबून दिसली?"

मल्लिनाथ बोटानं जमीन कोरत होता.

"अरे, तुलाच विचारतोय."

"दिसलीच न्हाय, काका. ऊन डोळ्यावर आलं."

"ब्रेक दाबलास?"

"दाबला की." हे बोलताना त्याची नजर जमिनीवरून हलली नाही.

सिद्रामप्पानं सूर बदलला. "रोज शेजारी बसून आप्पा काय करत्यात रे? झोपा काढत्यात का?"

पोराचा चेहरा पहिल्यांदा जरा उघडला. "झोपा? आप्पांची शिस्त लई कडक हाय, काका. म्हणत्यात, चाकावर अस नाय तर शेजारी, ड्रायव्हरनं रस्त्यावर दिसंल ते मोठ्यानं बोलायचं. डावीकडं म्हस, पुढं खड्डा, म्हातारी आडवी चाललीय. गप्प बसलं की टाळक्यात टपली."

मग तो एकदम थांबला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"काका, चूक माझीच हाय. लिहून टाका. आईला काय बी सांगा, पण चूक माझीच हाय."

सिद्रामप्पानं वीस वर्षांत खोटं बोलणारी माणसं ढिगानं पाहिली होती. ब्रेकबद्दल पोरगा खोटं बोलला होता, यात त्याला शंका नव्हती. पण 'चूक माझीच' हे शब्द खोटे नव्हते. ते अगदी आतून आले होते.

बंडप्पा ठाण्याबाहेरच्या चौथऱ्यावर बसला होता. साठीचा माणूस, पण पाठ ताठ. कपाळावर भस्माचे पट्टे.

"शरणार्थ, आप्पा."

"शरणार्थ. कोण, सिद्राम का? ये, बस."

"कसं झालं हे?"

"ऊन डोळ्यावर आलं. पोराचा ब्रेक उशिरा लागला."

"तुम्ही ओरडला नाहीत?"

"कळायच्या आत झालं रे."

बोलताना बंडप्पा त्याच्याकडं बघत नव्हता. त्याची नजर सिद्रामप्पाच्या कानापाशी कुठंतरी होती. ज्या माणसानं कधी कुणासमोर मान खाली घातली नाही, तो आज नजरेला नजर देत नव्हता.

"आप्पा, खरं सांगा. तुम्ही तिथं होता ना? की पोरगा एकटाच गेला आणि आता तुम्ही त्याला झाकताय?"

बंडप्पानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. "लिंगाची शपथ, सिद्राम. मी लॉरीत होतो."

लिंगायत माणूस लिंगावर हात ठेवून खोटं बोलत नाही, बंडप्पासारखा तर नाहीच नाही. तरी सिद्रामप्पाचं मन निवेना. दोघांचे शब्द जुळत होते, आणि ते जरा जास्तच जुळत होते.

*

दुपारच्या मोटारीनं तो तामलवाडीला गेला. गावाच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला लॉरी तशीच उभी होती. पुढं बैलगाडीचं मोडकं चाक पडलं होतं. बैल ओढून नेला होता. मातीत काळा डाग तेवढा राहिला होता.

सिद्रामप्पा आधी रस्त्यावर वाकला. मुरमाचा रस्ता, वर बोटभर धूळ. लॉरीच्या चाकांच्या खुणा स्पष्ट उमटल्या होत्या. दोरी लावून आखल्यासारख्या सरळ, रस्त्याच्या कडेशी अगदी सारखं अंतर ठेवून, थेट बैलगाडीपर्यंत. कुठं घसरण नाही, कुठं वळवळ नाही. चाक शेवटच्या क्षणीसुद्धा कुणी फिरवलं नव्हतं.

म्हणजे ब्रेक उशिरा लागला नव्हता. तो लागलाच नव्हता.

नवं पोरगं घाबरलं तर काय करील? ब्रेकवर उभं राहील, चाक गरकन वळवील, लॉरी खड्ड्यात घालील. यातलं काहीच झालं नव्हतं.

मग त्यानं वर बघितलं. रस्ता सरळ दक्षिणेला चालला होता. सकाळचं ऊन डाव्या अंगाला असणार. समोरून कुणाच्याच डोळ्यावर ते येणं शक्य नव्हतं.

तो लॉरीत चढला. चाकामागची बैठक उघडी होती. डावीकडं, शेजारच्या बैठकीवर, दाराच्या फटीत एक चौपदरी शिवलेलं गोणपाट दाबून बसवलेलं होतं. सिद्रामप्पानं ते ओळखलं. जगदेवीनं स्वतः शिवलं होतं. मल्लिनाथ बुटका, ते खाली घेतल्याशिवाय त्याला बॉनेटच्या पलीकडचा रस्ताच दिसत नसे. गोणपाटाला मधोमध खळगा पडला होता आणि खळग्यात खोबरेल तेलाचा ओशट डाग होता.

तो डाग त्यानं बोटानं चोळून पाहिला आणि मग तो खाली उतरला.

बैलगाडीवाल्या धोंडीबाचं घर गावाच्या कडेला होतं. पायाला बांबूच्या कामट्या बांधून तो बाजेवर पडला होता. त्याची बायको कडूबाई उंबऱ्यात बसली होती.

"इमेवाले तुमी?" ती म्हणाली. "मग सांगा, उरल्याल्या एका बैलासंगं म्या जुपून घ्यू का आता?"

सिद्रामप्पा धोंडीबाकडं वळला.

"लॉरीत किती माणसं होती?"

"दोगं. म्या खड्ड्यात पडलो व्हतो, कोण कुठनं उतरलं ते काय दिसलं न्हाय. पयलं पोरगं पळत आलं. माजं डोस्कं मांडीवर घेतलं अन् लागलं रडायला. माजा पाय मोडल्याला, अन् मीच त्याला गप ऱ्हा म्हनतूय."

"आणि दुसरा?"

"म्हातारा. त्यो मागनं आला. लई इचित्र वाटलं बगा. माजा बैल मदीच पडल्याला. ह्यो त्याच्या शिंगाला अडकून तोंडावर पडता पडता वाचला, अन् वर मलाच इचारतो, 'बैल कुठं हाय?' म्हनलं, प्यालाय का काय."

"वास येत होता?"

"छ्या. कपाळाला भसम, चांगला सोवळ्याचा मानूस. मग दोगं बाजूला जाऊन कुजबुजले. म्हातारा बोलत व्हता, अन् पोरगं नुसती मान हालवत व्हतं."

गावाच्या पुढं करोडगिरीचा नाका होता. हद्द ओलांडणाऱ्या मालावर जकात घेणारे शिपाई तिथं दिवसभर पेंगत बसत. त्यातल्या एकाला लॉरी चांगलीच ठाऊक होती.

"महालिंगप्पा की लॉरी? रोज आती जी."

"पोरगा नीट चालवतो का?"

शिपाई हसला. "लौंडा कहाँ चलाता? बुड्ढा चलाता. नये लायसनवाले को हमारे साब घंटाभर रोकते ना, इसलिए. लौंडा बाजू में बैठ के चिल्लाता रहता. भैंस आयी, गड्ढा आया, बच्चा आया. कान पक जाते."

सिद्रामप्पा परत रस्त्याला लागला.

चाकावर बंडप्पा होता. पण मग हे सगळं कशासाठी? तीस वर्षांचा ड्रायव्हर, लायसन चालू, पॉलिसीत नाव. 'मी चालवत होतो' एवढं तो खरं बोलला असता तर विमा शाबूत होता आणि मल्लिनाथ घरी होता. खरं बोलून सगळ्यांचं भलं होत असताना त्या सज्जन माणसानं पोराला पुढं का ढकललं? आणि पोरानं ते का ऐकलं?

संध्याकाळच्या मोटारीनं परत येताना घाटात गाडी कण्हत चढत होती. सिद्रामप्पाचं डोकंही तसंच कण्हत होतं. ठाण्याच्या पायरीवर जगदेवी सकाळच्याच लुगड्यात बसलेली होती. त्याला बघून ती उठली नाही. "काय घावलं का?" एवढंच तिनं विचारलं, आणि त्याच्या तोंडाकडं बघून उत्तराची वाट न पाहता मान फिरवली.

*

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या तो बंडप्पाच्या घरी गेला.

"पूजेला बसल्यात," त्याची बायको शरणम्मा हळू आवाजात म्हणाली. "रातभर डोळ्याला डोळा न्हाय त्यांचा. तुमी बसा."

सिद्रामप्पा दारापाशी भिंतीला टेकून बसला. समोर बंडप्पा पाटावर बसला होता. अंघोळ झालेली, उघडं अंग, डाव्या तळव्यावर इष्टलिंग. सिद्रामप्पा स्वतः लिंगायत. रोज सकाळी हेच करणारा. या पूजेत सगळा भर नजरेवर असतो. तळहातावरचं लिंग डोळ्यांसमोर धरायचं आणि पापणी न हलवता त्याच्याकडं एकटक बघायचं.

बंडप्पानं तळहात समोर धरला. आणि तोंड बाजूला वळवलं.

एखाद्या माणसानं भिंतीपलीकडचं बोलणं ऐकावं तसा तो मान तिरकी करून बसला होता. मग त्यानं बेलाचं पान उचललं आणि अगदी श्रद्धेनं ठेवलं. पान लिंगावर नाही, मनगटावर पडलं. बंडप्पाला ते कळलं नाही. क्षणभरानं त्यानं अंगठ्यानं चाचपलं, लिंग सापडलं, पान सापडलं, आणि त्यानं ते सरकवून जागेवर नेलं. हे तो इतक्या सराईतपणानं करत होता, की कित्येक महिने असंच चाललेलं असणार.

कोडं सुटल्याचा आनंद वगैरे काही सिद्रामप्पाला झाला नाही. आपण भरलेला तो फॉर्म त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला.

पूजा होईपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "आप्पा, ठाण्यात चला माझ्याबरोबर."

*

नऊ वाजले होते. पोराला धाराशिवला न्यायला शिपाई तयार होऊन उभा होता. अमीनसाहेब खुर्चीत, मल्लिनाथ कोपऱ्यात, जगदेवी दाराशी, बंडप्पा बाकावर.

"साहेब, लॉरी मल्लिनाथ चालवत नव्हता," सिद्रामप्पानं सुरुवात केली.

"झूट!" अमीनसाहेब म्हणाले. "खुद लौंडा बोलता."

"तो बोलतो, पण लॉरी वेगळं बोलते. त्याचं गोणपाट शेजारच्या बैठकीवर होतं. ते खाली घेतल्याशिवाय त्याला रस्ता दिसत नाही. त्यानं चालवली असती तर ते चाकामागं असतं. काल ते दाराला टेकवून उशी केलेलं होतं, त्यावर डोक्याच्या तेलाचा डाग आहे. मल्लू, तू शेजारी बसला होतास आणि तुला झोप लागली होती. खरं की नाही?"

मल्लिनाथनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आदल्या दिशी दिसभर पोती भरली व्हती, काका. नुसता डोळा लागला. जाग आली ती दणक्यानंच."

"म्हणजे चाकावर आप्पा होते. नाक्यावरचे शिपाईही तेच सांगतात. नव्या लायसनवाल्याला तिथं तासभर खोळंबवतात, म्हणून नाका जवळ आला की रोज चाक आप्पांच्या हातात."

जगदेवी पुढं आली. "बंडप्पा भावजी, तुमी चालवत व्हता? अन् माजं पोरगं आत?"

बंडप्पाचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला.

"मलाही तेच कळेना," सिद्रामप्पा म्हणाला. "हा माणूस लिंगावर हात ठेवून खोटं बोलणारा नव्हे. काल त्यानं शपथ घेतली तीसुद्धा 'लॉरीत होतो' एवढीच. मग तो काय झाकत होता? साहेब, रस्त्यावरच्या खुणा बघा. ब्रेक नाही, वळण नाही. घाबरलेला माणूस काहीतरी करतो. काहीच करत नाही तो माणूस कोण? ज्याला समोर काही आहे हेच ठाऊक नाही, तो. धोंडीबाच्या पुढ्यात बैल मरून पडला होता आणि आप्पा विचारत होते, बैल कुठं आहे. काल मला वाटलं आप्पा लाजेनं माझी नजर चुकवतात. तसं नव्हतं. माझ्या कानाकडं बघितल्याशिवाय त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता."

अमीनसाहेबांनी हातातले कागद खाली ठेवले.

"आज सकाळी पूजेत त्यांनी बेल मनगटावर वाहिला. आप्पा, कधीपासून?"

बंडप्पाची ताठ पाठ पहिल्यांदा वाकली.

"दीड वर्ष झालं," तो म्हणाला. "मधलं गेलंय, सिद्राम. कडंचं दिसतं. रस्त्याची कड दिसते, झाडं दिसत्यात. समोर बघितलं की नुसता राखेचा ढीग. कड धरून लॉरी नेत होतो, अन् मधलं पोरगं सांगत होतं. त्याला वाटायचं, मी शिकवतोय."

"म्हणजे ती शिस्त नव्हतीच," सिद्रामप्पा हळूच म्हणाला. "तुम्ही त्याच्या डोळ्यांनी चालवत होता. काल तो झोपला आणि तुम्हाला कुणी सांगितलं नाही की पुढं बैलगाडी आहे."

"पन मग पोराच्या माथी कशाला मारलंत?" जगदेवी किंचाळलीच.

"जगदेवी, मी चालवत होतो म्हटलं असतं तर तीस वर्षांच्या ड्रायव्हरला दिवसाउजेडी बैलगाडी कशी दिसली न्हाय, हे विचारलं असतं. डोळे तपासले असते. माझं लायसन गेलं की शेजारी बसायला माणूस न्हाय, अन् माणूस न्हाय तर पोराला विमा न्हाय. म्हटलं, पोरगा चालवत होता अन् मी शेजारी होतो, एवढं सांगितलं की अट पाळली गेली. नव्या पोराची चूक म्हणून दंड करतील, सोडतील." तो थांबला. "त्याला सांगितलं, तू झोपलास म्हणून हे झालं. ते ऐकलं अन् मी सांगीन ते कबूल करायला तो तयार झाला."

"हे एवढंच?" सिद्रामप्पानं विचारलं.

बंडप्पाची बोटं चाक धरल्यासारखी मिटली.

"न्हाय. नुसतं शेजारी बसून बी भागलं असतं. नाक्यावर घंटाभर उशीर झाला असता, एवढंच. पण चाक हातात आलं की मी आंधळा नसायचो रे. घरी बसलो असतो तर कोपऱ्यातलं गाठोडं झालो असतो. ती माझी हाव होती. लिहा साहेब, गुन्हा माझा."

अमीनसाहेबांनी टाक उचलला. मग सिद्रामप्पाकडं बघितलं. "और तुम्हारा विमा? उस किसान को कुछ मिलेगा?"

"मिळेल. आप्पांचं लायसन चालू आहे, नाव पॉलिसीत आहे. धोंडीबाच्या पायाची आणि बैलाची भरपाई कंपनीला द्यावी लागेल. त्यांची नजर तपासायची राहिली, ती चूक माझी. पोराला मी सतरा प्रश्न विचारले. भीती वाटत होती ती त्याची. या माणसाला मी एकच विचारला आणि त्याचं उत्तरही मीच लिहिलं. रिपोर्टात हे सगळं घातलंय. माझी एजन्सी काही राहत नाही आता."

"अन् मल्लूचा इमा?" बंडप्पानं विचारलं. आवाजात एवढा जीव होता की सिद्रामप्पाला खोटं बोलावंसं वाटलं.

"नाही, आप्पा. जुना माणूस गेला, आता अट पाळता येत नाही, वर अपघात. आता त्याला कुठलीही कंपनी दारात उभं करणार नाही. निदान चार-पाच वर्षं तरी."

"मग कशाला खरं काढलंस?" बंडप्पा उसळून उठला. "लॉरी बसली म्हणजे हे घर बसलं! फार तर चार-सहा महिनं आत गेला असता, बाहेर आल्यावर चाक तरी हातात राहिलं असतं!"

"राहिलं नसतं, आप्पा. माणूस जायबंदी करून तुरुंगात गेलेल्या पोराला कोण विमा देणार होतं? ते चाक कालच सकाळी गेलं."

बंडप्पा परत खाली बसला. बाक कुठं आहे ते त्याला हातानं शोधावं लागलं. आता तो लपवत नव्हता.

जगदेवीनं पदरानं तोंड पुसलं. आवाज बसला होता, पण त्यात रडणं नव्हतं. "लॉरीला गिऱ्हाईक बघा, भावजी. न्हेऊ द्या ज्याला न्ह्यायची त्याला. शेंगा फोडायला जाईन म्या अडतीवर. सायब, माजं पोरगं मला द्या."

अमीनसाहेबांनी शिपायाला खूण केली. शिपायानं मल्लिनाथच्या दंडाला धरून उठवलं आणि हात सोडला. तो मोकळा होता. त्याला ते कळायला वेळ लागला. जगदेवीनं त्याचा हात धरून दाराकडं ओढलं. पण तो तिच्याबरोबर गेला नाही. तो बाकापाशी आला आणि बंडप्पासमोर उभा राहिला. म्हाताऱ्यानं त्याला बघायला तोंड बाजूला वळवलं.

सगळ्यांना वाटलं, आता हा शिव्या घालणार.

"एकदा सांगायचं तरी, आप्पा," मल्लिनाथ म्हणाला. "मी झोपलो नसतो."